अकरावीची मुलं नोट्स काढत नाहीत, नुसतं उतरवून घेतात. नोट्स काढायला शिकवायचं कसं?

रानजाई

मी एका तालुक्याच्या गावातल्या ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. अकरावी सायन्सला येणारी आमची बरीचशी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, आसपासच्या गावांतून एस्टीने येणारी. दहावीला चांगले मार्क असतात आणि अकरावीत एकदम सगळं इंग्रजीत सुरू होतं. पण माझा प्रश्न फक्त इंग्रजीचा नाहीये, वहीचा आहे.

होतं असं की मी समजावून सांगत असते तेव्हा कुणाचंही पेन हलत नाही. फळ्याकडे वळून खडू टेकवला की सगळ्या माना खाली. फळ्यावर आलं ते सगळं वहीत, माझ्याकडून घाईत एखादं अक्षर राहिलं तर तेही राहिलेलंच, आणि जे नुसतं तोंडी सांगितलं, मग ते कितीही महत्त्वाचं असो, ते गेलं. "हे परीक्षेला येतं बरं का" म्हटलं की लगेच मागून आवाज, "मॅडम, लिहून द्या ना." म्हणजे सावकाश डिक्टेशन द्या, पूर्णविरामासकट.

ही मुलं आळशी आहेत असं मला अजिबात वाटत नाही. दहा वर्षं त्यांनी वहीत तेच लिहिलंय जे दुसऱ्याने सांगितलं. प्रश्नोत्तरं फळ्यावर, तीच पक्क्या वहीत, मग वही तपासायला, लाल पेनाने बरोबरची खूण आणि सही. कच्ची वही, जिच्यात पोरं स्वतःच्या मनाने काहीतरी लिहितात, ती कुणीच बघत नाही. मग ऐकता ऐकता काय टिपायचं आणि काय सोडायचं हे त्यांना येणार कुठून? आमच्या स्टाफरूममध्ये यावर उत्तर ठरलेलं आहे, नोट्सचं झेरॉक्स देऊन टाका. मी देऊन बघितलंय, झेरॉक्स फाइलला लागतं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री बाहेर येतं.

पंचेचाळीस मिनिटांचा तास, वर्गात ऐंशीच्या आसपास मुलं, मोबाइल वर्गात चालत नाही, प्रोजेक्टर आहे पण लाइटचा भरवसा नाही. एवढ्यात काय करता येईल? तुमच्यापैकी कुणी वर्गात प्रत्यक्ष काही करून बघितलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

पाटीपूजन

रानजाई ताई, फार जिव्हाळ्याचा विषय काढलात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला शिकवतो, म्हणजे तुमच्याकडे येणारी मुलं आधी आमच्याकडेच असतात.

२०२३ ला सरकारने दुसरी ते आठवीच्या पुस्तकांतच कोरी पानं घातली होती आठवतंय का? पुस्तकाचे चार भाग, धड्यानंतर वहीचं पान, वर 'माझी नोंद'. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू होताच, पण वर्गात शिक्षक जे सांगतात त्यातलं महत्त्वाचं मुलाने स्वतःच्या शब्दांत तिथे लिहावं हाही होता. मला कल्पना मनापासून आवडली होती. जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला आणि पानं गेली.

माझ्या वर्गात काय झालं ते सांगतो. पहिल्याच आठवड्यात मुलं विचारायला लागली, सर इथे काय लिहायचं? मी म्हटलं तुम्हाला जे वाटेल ते. त्यांना काहीच वाटेना, कारण तोवर त्यांना कुणी तसं विचारलंच नव्हतं. मग कुणी स्वाध्यायाची उत्तरं लिहिली, कुणी शब्दार्थ, बऱ्याच जणांनी पान कोरंच ठेवलं. नंतर मी एक बदल केला, तास संपताना फळ्यावर एकच प्रश्न लिहायचो, उदा. "आज जे कळलं त्यातलं घरी आजीला सांगण्यासारखं काय?" आणि तेवढंच माझी नोंदमध्ये लिहायचं. तेव्हा पानं भरायला लागली. तात्पर्य हे की कोरं पान देऊन भागत नाही, पानावर काय करायचं ते शिकवावं लागतं. आता पानं नाहीत पण प्रश्न मी अजून लिहितो, मुलं कच्च्या वहीत उत्तर लिहितात.

---

निवृत्त_लघुलेखक

मी शिक्षक नाही, पण आयुष्य दुसऱ्याचं बोलणं कागदावर उतरवण्यात गेलं म्हणून लिहितोय.

सरकारी नोकरीत निम्नश्रेणी लघुलेखकाला मिनिटाला १०० शब्दांची परीक्षा पास असावी लागते, उच्चश्रेणीला १२० ची. आधी ६०, मग ८०, मग पुढे, असं चढत जावं लागतं, आणि त्यासाठी आम्ही महिनोन्महिने रोज डिक्टेशन घेत बसायचो. तेही कशाने, तर शॉर्टहँडने, जिथे एका रेघेत अख्खा शब्द येतो. आता साधा हिशोब करा. शिक्षक सहज बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतात. साध्या लिपीत हाताने भरभर लिहिणारा माणूस वीस-पंचवीस शब्द लिहितो. म्हणजे जे काम करायला सरकार प्रशिक्षित माणूस नेमतं ते आपण सोळा वर्षांच्या पोराकडून अपेक्षित धरतो, वर इंग्रजीत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. हात चांगला बसलेला लघुलेखक मजकुराचा अर्थ लावत बसत नाही, कानातून हातात जातं सगळं. साहेबांनी पंधरा मिनिटं पत्र सांगितलं आणि बाहेर आल्यावर कुणी विचारलं काय होतं पत्रात, तर वही उघडूनच सांगावं लागायचं. ते आमच्या कामात ठीक होतं. विद्यार्थ्याचं तसं झालं तर तो तासाला हजर राहून गैरहजरच. म्हणून मुलांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, सगळं लिहिणं शक्य नाही आणि सगळं लिहायचं नाहीये. हे ऐकून त्यांच्यावरचं निम्मं दडपण उतरेल.

---

केप्लर

मी कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, नीट आणि जेईईच्या बॅचेस. थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा.

आमच्याकडे छापील मॉड्यूल असतं. थिअरी, फॉर्म्युले, सोडवलेली उदाहरणं सगळं त्यात. मी मुलांना सरळ सांगतो की थिअरी लिहू नका, ऐका, आणि फक्त उदाहरणं सोडवा. स्पर्धा परीक्षेचा सिलॅबस बघता लिहिण्यात वेळ घालवणं परवडत नाही. आणि मराठी माध्यमातून आलेल्या पोराने ऐकता ऐकता चुकीचं काहीतरी लिहून घेतलं तर तेच तो पाठ करणार, त्यापेक्षा बरोबर छापलेलं हातात असलेलं काय वाईट? नोट्स काढणं हे कौशल्य आहे हे मान्य, पण दोन वर्षांत किती कौशल्यं शिकवायची हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे.

---

रानजाई

@केप्लर सर, राग कसला, उलट हेच म्हणणारे आमच्याकडे जास्त आहेत आणि चुकीचं लिहून तेच पाठ होण्याची भीती मलाही आहे. पण माझी अडचण बघा. छापील हातात आहे म्हटल्यावर मूल ऐकतं असं आपण धरतो. माझ्या वर्गात ते ऐकत नाही, कारण "घरी जाऊन वाचू" असं मनात पक्कं झालेलं असतं आणि घरी इंग्रजी पान समोर आलं की ते एकट्याने कळत नाही. जे मी वर्गात मराठीत समजावलं होतं ते छापील पानावर कुठेच नसतं.

@निवृत्त_लघुलेखक काका, तुमचा हिशोब मी तसाच्या तसा वर्गात सांगणार आहे.

---

अबोली

माझं काम शैक्षणिक मानसशास्त्रातलं आहे त्यामुळे थोडं मोठं लिहिते, सांभाळून घ्या.

नोट्सचे दोन वेगळे फायदे असतात आणि आपण नेहमी एकाबद्दलच बोलतो. १९७२ मध्ये डी व्हेस्टा आणि ग्रे या संशोधकांनी हा फरक मांडला. एक फायदा कागदाचा, नंतर वाचायला काहीतरी हातात राहतं. दुसरा फायदा लिहिण्याच्या कृतीचा, लिहिताना डोकं निवड करतं, जोडतं, शब्द बदलतं, म्हणून ते डोक्यात बसतं. झेरॉक्स आणि मॉड्यूल पहिला फायदा पूर्ण देतात, दुसरा शून्य. डिक्टेशनही दुसरा जवळजवळ देत नाही, कारण निवड शिक्षकाने केलेली असते. केप्लर यांची मुलं उदाहरणं सोडवतात तेव्हा डोक्याला ते काम मिळतं म्हणून त्यांचं भागतं, बायोलॉजीत तसं आपोआप होत नाही.

पण केप्लर यांची भीतीही खरी आहे. एकट्याच्या भरवशावर सोडलं तर मुलं व्याख्यानातल्या महत्त्वाच्या मुद्द्यांपैकी साधारण तिसरा हिस्साच टिपतात असं या विषयावरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय, आणि ती कॉलेजची मुलं होती, स्वतःच्या भाषेत शिकणारी. म्हणजे "स्वतः काढा नोट्स" एवढं सांगून सोडणं हाही उपाय नाही.

मग मधला रस्ता काय, तर सांगाडा. तुम्ही अर्धं पान द्यायचं, शीर्षकं, बाण, रिकाम्या जागा, एखादी अर्धवट आकृती, आणि उरलेलं मुलांनी तास चालू असताना भरायचं. रांगोळीत ठिपके आपण काढून द्यायचे आणि रेषा त्यांनी जोडायच्या, तसं. ठिपके असले की काय महत्त्वाचं ते सुटत नाही, आणि रेषा स्वतःची असल्यामुळे डोकं कामाला लागतं. पुढे महिन्या-महिन्याला ठिपके कमी करत जायचे. ही पायरी बहुतेक जण विसरतात आणि मग मुलं रिकाम्या जागा भरण्याच्याच सवयीची होतात.

दुसरी गोष्ट थांबण्याची, जी मला सगळ्यात मोलाची वाटते कारण तिला एक रुपया लागत नाही. १९८७ मधला एक प्रयोग आहे. ४५ मिनिटांच्या व्याख्यानात शिक्षक तीन वेळा दोन-दोन मिनिटं थांबले. त्या वेळात मुलांनी शेजाऱ्याशी वही ताडून बघायची, राहिलेलं भरायचं, शिक्षकाने मध्ये पडायचं नाही. १२ दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा न थांबता शिकवलेल्या वर्गापेक्षा या मुलांचं लक्षात राहिलेलं स्पष्टपणे जास्त होतं. रानजाई, तुमचाही तास बरोबर ४५ चाच आहे. सहा मिनिटं जातात, पण ती वाया जात नाहीत.

लॅपटॉप विरुद्ध पेन हा वाद इथे कुणीतरी काढेलच म्हणून आधीच लिहिते. २०१४ मध्ये म्युलर आणि ओपनहायमर यांचा पेपर आला होता की हाताने लिहिणाऱ्यांना समज जास्त येते कारण टाइप करणारे शब्दनशब्द उतरवतात. तो खूप गाजला, पण २०१९ आणि २०२१ मध्ये तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा पेनाचा फायदा तेवढा ठाम दिसला नाही. त्यामुळे साधन कुठलं यावर मी भर देणार नाही. शब्दनशब्द उतरवणं हा दोष पेनानेही होतोच, रानजाईंच्या वर्गात तोच चाललाय.

---

मीमराठीमाध्यम

रानजाई मॅडम, मी तुमच्या वर्गातल्या मुलांसारखाच होतो. दहावीपर्यंत मराठी, मग अकरावी सायन्स, मग इंजिनिअरिंग, आता नोकरी करतो. मला जे उपयोगी पडलं ते लिहितो, कारण हे मला कुणी वर्गात सांगितलं असतं तर ती दोन वर्षं सोपी गेली असती.

नोट्स मराठीत काढायच्या. म्हणजे शब्द इंग्रजी, वाक्य मराठी. सर इंग्रजीत बोलायचे, मी ते ऐकून डोक्यात मराठी करायचो, आणि लिहिताना परत इंग्रजी करायला जायचो, तेवढ्यात पुढचं वाक्य निघून गेलेलं. एक दिवस एका सीनिअरची वही बघितली, त्यात लिहिलं होतं "इंडक्टरमध्ये करंट मागे राहतो, कारण तो बदलाला विरोध करतो." बस. एवढंच. माझ्या वहीत त्याच जागी चार ओळी इंग्रजी होत्या आणि कळत काहीच नव्हतं. त्या दिवसापासून मी इंडक्टर, करंट, फेज हे शब्द इंग्रजीच ठेवले आणि 'म्हणून', 'कारण', 'पण', 'जर-तर' हे सगळं मराठीत. विचार करायची भाषा मराठी आहे तर कारण मराठीतच लिहिलं जाणार ना.

अजून एक. बायोलॉजीत दहावीच्या पुस्तकातला मराठी शब्द शेजारी लिहायला सांगा. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे तंतुकणिका, क्लोरोप्लास्ट म्हणजे हरितलवक, मायटॉसिस म्हणजे सूत्री विभाजन. मुलांना हे दहावीला झालेलं असतं! ग्लायकोलायसिस, क्रेब चक्र हे पेशीच्या श्वसनाचे टप्पे, सगळं त्यांनी मराठीत वाचलेलं असतं, पण नवीन नाव ऐकून त्यांना वाटतं विषयच नवीन आहे. जुना शब्द शेजारी दिसला की अरे हे तर येतं आपल्याला असं होतं, आणि तिथून भीती जाते.

---

सुलेखा_पी

@मीमराठीमाध्यम भावना कळते पण बारावीचा पेपर इंग्रजीत लिहायचाय. दोन वर्षं मराठीत नोट्स काढून ऐनवेळी इंग्रजी वाक्यं कुठून येणार? माझ्या भाचीचं हेच झालं, कळलेलं सगळं होतं, पेपरात मांडता आलं नाही.

---

मीमराठीमाध्यम

सुलेखाताई, बरोबर आहे, ते अर्धं लिहायचं राहिलं. वर्गात मराठी आणि घरी त्याच दिवशी खाली दोन-तीन ओळी इंग्रजीत. वर्गात काम समजून टिपण्याचं, घरी काम मांडण्याचं. दोन्ही एकाच वेळी करायला गेलं की दोन्ही फसतात. आणि त्या ओळी पुस्तकातून उतरवायच्या नाहीत, आपल्या मराठी नोटवरून स्वतः लिहायच्या, मग पुस्तकाशी ताडायच्या. सुरुवातीला इंग्रजी फार मोडकं येतं, येऊ द्यावं, दिवाळीपर्यंत बऱ्यापैकी जमायला लागतं.

---

सुलेखा_पी

हे पटलं. भाचीच्या धाकट्या भावाला सांगते, तो यंदा अकरावीत आहे.

---

चारुता

एक विनंती सगळ्या शिक्षकांना. माझ्या मुलाला डिसग्राफिया आहे, म्हणजे हाताने लिहिणं त्याला फार जड जातं. बोर्डाच्या परीक्षेत त्याला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळू शकतो, पण वर्षभर वर्गात मात्र त्याला फळ्यावरचं सगळ्यांच्याच वेगाने उतरवावं लागतं. अर्ध्यात फळा पुसला जातो. घरी येतो तेव्हा वहीत अर्धी वाक्यं असतात आणि तो थकलेला असतो. मग रोज संध्याकाळी मी मैत्रिणीच्या मुलीच्या वहीचे फोटो मागवते. तुम्ही सांगाडा द्याल तर अशा मुलांसाठी थोडा जास्त भरलेला द्या, फक्त वेगळा आहे हे वर्गाला दिसेल असं करू नका. त्याला मदत चालते, बोट दाखवलेलं चालत नाही.

---

दूरदेशी

चारुता, इकडे अमेरिकेत मी विद्यापीठात शिकवते. आमच्याकडे अशा विद्यार्थ्यांसाठी वर्गातल्याच एका मुलाला नोट्स देण्याचं काम दिलं जातं, कुणाच्या नोट्स कुणाला जातात ते वर्गात जाहीर होत नाही. सुरुवातीच्या तासालाच आम्ही विचारतो, कुणाची वही नीटनेटकी असते, नाव द्या. रानजाईंच्या वर्गात हे कार्बन पेपर लावूनसुद्धा करता येईल, एखादं मूल नाहीतरी लिहीतच असतं, खालची प्रत त्या मुलाला.

बाकी इकडे पोरांना कॉर्नेल पद्धत शिकवतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात बसवलेली. पानावर डावीकडे अडीच इंचांवर उभी रेघ, खाली दोन इंच सोडून आडवी रेघ. तासाला उजवीकडच्या मोठ्या भागात लिहायचं. तास संपल्यावर डावीकडे त्या मजकुरावरचे प्रश्न, आणि खाली दोन-तीन ओळींत सार. अभ्यास करताना उजवी बाजू हाताने झाकायची आणि डावीकडच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी द्यायचं. बरेच जण रेघा आखतात आणि झाकायचं विसरतात, पण सगळी गंमत त्या झाकण्यातच आहे.

---

अबोली

झाकण्याबद्दल दूरदेशींना दुजोरा. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी मुलांना उतारे दिले. काहींनी पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. आदल्या रात्री वही वाचून "येतंय सगळं" वाटतं ते याचमुळे. आणि रंगीत हायलायटरने ओळी रंगवणं, जे मुलींच्या वह्यांत फार असतं, त्याचा उपयोग फारच कमी होतो असं २०१३ च्या एका मोठ्या आढाव्यात नोंदवलंय. रंगवू नका असं नाही म्हणत, पण रंगवणं म्हणजे अभ्यास झाला असं नाही.

---

घाटवाट

अवांतर पण विषयाला धरून. मोडी शिकतोय सध्या. हात न उचलता सलग लिहिता यावं अशीच तिची वळणं आहेत, जुन्या कागदांत तर शब्दही तोडून लिहिलेले असतात, संक्षेपांची ठरलेली पद्धत असायची. म्हणजे भराभर टिपून घेण्याची सोय आपल्याकडे जुनीच. मुलांना स्वतःचे संक्षेप बनवायला सांगा, उदा. प्रकाशसंश्लेषणाला 'प्र.सं.', पण यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला लावा, नाहीतर महिन्याने स्वतःलाच कळत नाही.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला कारण आधी करून बघायचं होतं. गणपतीच्या सुट्टीनंतर रेस्पिरेशनचा, म्हणजे श्वसनाचा धडा घेतला तेव्हा सुरू केलं.

पहिल्या तासाला काहीच शिकवलं नाही, फक्त लघुलेखक काकांचा हिशोब फळ्यावर मांडला. शंभर शब्द, वीस शब्द. मग विचारलं, उरलेल्या ऐंशी शब्दांचं काय करायचं? एक मुलगी म्हणाली, "ते सोडायचे मॅडम, पण कुठले सोडायचे ते ठरवायला पाहिजे." मला जे महिनाभर समजावता येत नव्हतं ते तिने एका वाक्यात सांगितलं.

सांगाडा झेरॉक्स करून दिला नाही, ऐंशी प्रती दर धड्याला परवडत नाहीत. फळ्याच्या एका कडेला काढला आणि मुलांनी आधी तो वहीत घेतला, तीन-चार मिनिटं लागतात. तीन आडव्या ओळी, ग्लायकोलायसिस, क्रेब सायकल, इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट. चार उभे रकाने, कुठे घडतं, आत काय जातं, बाहेर काय येतं, ऑक्सिजन लागतो का. सगळी घरं रिकामी. मग मी शिकवायला लागले आणि फळ्यावर त्या घरांत काहीही लिहिलं नाही, फक्त आकृत्या दुसऱ्या बाजूला. पहिल्या दहा मिनिटांत मुलं माझ्याकडे बघत राहिली की मॅडम कधी भरणार. नाही भरलं. मग हळूहळू पेनं हलायला लागली. "कुठे" या रकान्यात ग्लायकोलायसिससमोर सायटोप्लाझम आलं, क्रेबसमोर तंतुकणिका, हो, तंतुकणिकाच लिहिलं बऱ्याच जणांनी, आणि मी ते चालवून घेतलं.

दोन मिनिटं थांबणं सुरुवातीला अवघड गेलं. ऐंशी मुलं एकदम बोलायला लागली की शेजारच्या वर्गातून निरोप येतो. म्हणून आता नियम केलाय की पहिलं मिनिट नुसती वही बदलायची, बोलायचं नाही, शेजाऱ्याच्या वहीत जे आहे आणि आपल्यात नाही त्यावर पेन्सिलने खूण. दुसऱ्या मिनिटाला हळू आवाजात बोलायचं. यातून केप्लर सरांची भीती बरीचशी गेली, कारण चुकीचं लिहिलेलं तिथेच सापडतं. एका बाकावर ग्लायकोलायसिसमध्ये ए.टी.पी. (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) दोन की चार यावरून वाद चालू होता, एकूण चार तयार होतात आणि दोन खर्च होतात म्हणून निव्वळ दोन, हे मी सांगितलं होतं पण फळ्यावर नव्हतं, ते त्या दोघींनी आपसात बोलून शोधून काढलं. झेरॉक्समध्ये नुसतं 'दोन' लिहिलेलं असतं, तिथे हा वाद झालाच नसता.

जे जमलं नाही तेही सांगते. घरी दोन-तीन ओळी इंग्रजीत लिहिणं मोजकीच मुलं करतात. एस्टीने जाणारी मुलं घरी पोचतात तेव्हा अंधार झालेला असतो, शेतातली कामं असतात. म्हणून पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटं त्यालाच दिली आहेत, पुस्तक बंद, कालच्या तक्त्यातली एक ओळ इंग्रजी वाक्यात. चारुता, वर्गात तीन मुलं आहेत ज्यांना लिहायला खूप वेळ लागतो, त्यांच्यासाठी कार्बनची युक्ती सुरू केली आहे, पण प्रत एकट्या त्यांना न देता दर आठवड्याला गैरहजर असलेल्यांनाही देते, त्यामुळे कुणालाच वेगळं वाटत नाही.

आणि कच्च्या वह्या मी तपासायला घेते आता. सगळ्या नाही, रोज एका रांगेतल्या. चूक शोधत नाही, फक्त एक प्रश्न लिहून परत देते. काल एकाच्या वहीत ऑक्सिजनच्या रकान्यात शेवटच्या ओळीला 'हो' होतं, मी लिहिलं "नक्की कशासाठी?" आज तो स्वतः येऊन म्हणाला शेवटी इलेक्ट्रॉन घ्यायला कुणीतरी पाहिजे म्हणून.

---

पाटीपूजन

ताई, कच्ची वही तपासायला घेता हे वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे तपासणीला साहेब येतात तेव्हा पक्की वहीच मागतात. पुढच्या वेळी मी कच्ची पण पुढे ठेवणार आहे.

---

केप्लर

रानजाई मॅडम, ए.टी.पी.चा प्रसंग वाचून विचारात पडलो. थिअरीत सांगाडा कसा चालतो ते कळलं. पण फिजिक्समध्ये डेरिव्हेशन असतं, म्हणजे सूत्र पायरीपायरीने काढून दाखवणं, तिथे मी फळ्यावर लिहितो ते मुलाला उतरवावंच लागतं, कारण एकही पायरी सोडून चालत नाही. तिथे रिकामं काय ठेवणार? कुणी सुचवेल का, खरंच हवंय.

---

मीमराठीमाध्यम

सर, पायऱ्या तुम्ही पूर्ण लिहा, कारणं रिकामी ठेवा. मराठी माध्यमाच्या मुलांना हे भूमितीतून येतं. पक्ष, साध्य, सिद्धता, आणि प्रत्येक विधानासमोर उजवीकडे कंसात कारण, व्युत्क्रम कोन, समान बाजू वगैरे. दहावीला त्यांनी अशी किती प्रमेयं लिहिलीत. फिजिक्सच्या वहीत पानाचा उजवा तिसरा भाग रेघ मारून सोडायला सांगा. प्रोजेक्टाइलमध्ये, म्हणजे तिरप्या फेकलेल्या वस्तूच्या गणितात, तुम्ही उभा वेग शून्य धरून वेळ काढता, त्या पायरीसमोर मुलाने लिहायचं, "वरच्या टोकाला क्षणभर वर पण जात नाही खाली पण येत नाही, म्हणून". पुढच्या पायरीत आडवा वेग तसाच ठेवता, तिथे "आडवा जोर कुणी लावत नाही, हवेचा विरोध धरला नाही". कारण मराठीतच. ज्या पायरीसमोर कारण लिहिता आलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, आणि तुम्ही थांबाल त्या दोन मिनिटांत फक्त प्रश्नचिन्हं विचारायची.

---

केप्लर

हे करता येईल. मॉड्यूलमधल्या डेरिव्हेशनच्या पानांना उजवीकडे समास सोडून छापायला सांगतो, म्हणजे पायऱ्या उतरवायचा वेळही वाचेल आणि तेवढाच वेळ कारणं लिहायला मिळेल. नवीन बॅच सोमवारी सुरू होतेय, मोशन इन अ प्लेनपासून बघतो. प्रश्नचिन्हं कुठल्या पायरीवर जास्त येतात ते इथे लिहीन.